राणीच्या बागेत रिकामं काय आहे?

गेल्या वर्षी एका परिचितांच्या वास्तुशांतीला गेलो होतो. लालबागला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, सव्विसाव्या मजल्यावर. जेवणं उरकली, पानं तोंडात गेली आणि यजमानांनी सगळ्यांना खिडकीशी नेलं. खाली भायखळ्याच्या बाजूला पत्र्यांच्या, पुलांच्या आणि निळ्या ताडपत्र्यांच्या दाटीत एक काळपट हिरवा तुकडा दिसत होता. राणीची बाग. “हा व्ह्यू आहे म्हणून चौरस फुटामागे जास्त मोजले,” ते अभिमानाने म्हणाले. मग पान एका गालातून दुसऱ्या गालात सारून त्याच दमात पुढे म्हणाले, “पण खरं सांगू? पन्नास एकर जागा नुसती पडून आहे. एवढ्या जागेचं काहीतरी करायला हवं.”

खोलीतल्या आठ-दहा जणांनी माना डोलावल्या. श्रीखंड जास्त झालं होतं म्हणून असेल, पण मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची भरपाई म्हणून हा लेख.

हे बोलणारा माणूस बिल्डर असता तर मी मनावर घेतलं नसतं. बिल्डरला जमीन दिसली की चटईक्षेत्र दिसतं. सोनाराला बाईच्या गळ्यातल्या दागिन्याचं आधी वजन दिसतं तसंच. हे गृहस्थ मात्र बँकेतून निवृत्त झालेले, दिवाळी अंक विकत घेऊन वाचणारे, नातीला बागेत न्यायला आसुसलेले. ज्या दृश्यासाठी त्यांनी जादा पैसे मोजले, तेच दृश्य त्यांना वाया गेलेलं वाटत होतं. ही तऱ्हा आता त्यांच्या एकट्याची राहिलेली नाही. दर पाच-सात वर्षांनी या बागेसाठी किंवा शहरातल्या दुसऱ्या कुठल्या तरी मोकळ्या जागेसाठी नवा आराखडा येतो. चकचकीत चित्रं छापून येतात, चित्रांत परदेशी दिसणारी माणसं फुगे घेऊन चालत असतात, आणि शहाणीसुरती माणसं म्हणतात, “चला, काहीतरी होतंय!”

त्यांचं म्हणणं मी माझ्या परीने चोख मांडतो, म्हणजे उद्या कोणी विपर्यास केला असं म्हणायला नको. ही बाग जुनी आहे, मान्य. पण जुनं झालं की नवं करावंच लागतं, चाळींचं केलं तसं. शहराला जागेची टंचाई आहे, गाड्या लावायला जागा नाही, पर्यटकांना दाखवायला काही नाही. बाग स्वतःचा खर्चही काढत नाही. आणि झाडांची काळजी कशाला? थोडी हलवू, थोडी नवी लावू. वाहनतळ जमिनीखाली करू, वर पुन्हा हिरवळ घालू. सिंगापूर बघा, दुबई बघा. विरोध करणारे कोण? मूठभर हळवी, सुखवस्तू माणसं, ज्यांना गरिबाच्या पोटापेक्षा झाडाचं पान मोठं वाटतं. शिवाय ही बाग साहेबाने राणीच्या नावाने केलेली. तिचा एवढा पुळका कशाला?

एकेक घेऊ. पहिला शब्द ‘पडून’. गोदामात तांदूळ पडून राहतो, वॉर्ड ऑफिसात अर्ज पडून राहतो. पण १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअरच्या हस्ते उघडलेली, तेव्हापासून रोज झाडली जाणारी, पाणी घातली जाणारी, माणसांनी भरणारी जागा पडून कशी? अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाच्या संस्थेने ती उभारली. संस्थेची आधीची बाग शिवडीला होती; त्या जागी पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली. (मुंबईत बागेचं काय होऊ शकतं याचा धडा आपल्याला तेव्हाच मिळाला होता.) १८७३ मध्ये भायखळ्याची बाग म्युनिसिपालिटीच्या हाती आली. आणि मूळ बाग ही वनस्पतींची बाग आहे. प्राणी नंतर आले. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आज शंभरातल्या नव्वद मुंबईकरांना राणीची बाग म्हणजे हत्ती, माकडं आणि आता पेंग्विन एवढंच ठाऊक आहे. झाडं त्यांच्या लेखी पिंजऱ्यांच्या मधली भर.

ही ‘भर’ तीन हजारांवर झाडांची आहे आणि त्यांच्या जाती पावणेतीनशेच्या वर आहेत. आफ्रिकेची गोरखचिंच आहे, जिचं खोड पाहून लहान मुलं आधी हसतात आणि मग कवेत येतं का बघतात. दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे. त्याची फुलं फांदीवर न येता थेट खोडातून फुटतात आणि फळं तोफगोळ्यासारखी लटकतात. सीता अशोक आहे. आणि उर्वशी आहे. मूळ म्यानमारची; तिथल्या रानातसुद्धा आता क्वचितच दिसणारी. हिवाळा सरताना तिला लाल फुलांचे लोंबते घोस येतात, पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. या फुलांसाठी वर्षातून एकदा वाट वाकडी करून येणारी माणसं मी पाहिली आहेत. वह्या घेऊन आलेली वनस्पतिशास्त्राची मुलं पाहिली आहेत. पुस्तकात चित्र पाहिलेलं झाड प्रत्यक्ष समोर दिसल्यावर त्यांचा होणारा गोंधळही पाहिला आहे. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात शिरून कोणी म्हणत नाही की एवढी मोठी इमारत, आत नुसती पुस्तकं पडून आहेत, काहीतरी करायला हवं. (म्हणत नाहीत अजून तरी. मी कोणाला सुचवत नाही.)

झाडं सोडा, माणसांपुरतं बोलायचं तरी ही जागा रिकामी कधी असते? पहाटे नागपाडा, माझगाव, चिंचपोकळीची म्हातारी माणसं फेऱ्या मारत असतात. दुपारी जे. जे. किंवा नायरमध्ये पेशंट ठेवून आलेले गावाकडचे नातेवाईक झाडाखाली डबा उघडतात. दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यास होत नाही म्हणून आलेली मुलं असतात. लग्न ठरलेली आणि न ठरलेली जोडपी असतात. त्यांना या शहराने बसायला दुसरी जागा ठेवलेली नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा रविवारी सुट्टीच्या दिवशी कामगार बायकापोरांना घेऊन इथे यायचे. गावाहून पाहुणा आला की त्याला दाखवायच्या यादीत राणीची बाग असायचीच. यांतलं कुणीही सव्विसाव्या मजल्यावरून दिसत नाही. वरून फक्त झाडांचे शेंडे दिसतात, आणि शेंड्यांखाली कोणी नाही असं समजून माणूस पान चघळतो.

आणि जागेच्या टंचाईचं रडगाणं कोण गातंय? ज्या टॉवरमध्ये आम्ही जेवलो त्याच्या पायाखालची जमीन गिरणीची होती. मध्य मुंबईत अशी सुमारे सहाशे एकर गिरण्यांची जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकांना, अशी वाटणी ठरली होती. चार्ल्स कोरिया यांच्या समितीने त्या जमिनीचा एकत्र विचार करून आराखडाही दिला होता. मग २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेडखालची जमीन वाटणीतून बाहेर. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. म्हणजे दोनशे एकर बागा होऊ शकत होत्या, त्या आपण मॉल आणि टॉवरमध्ये जिरवल्या. ताटातलं पंचपक्वान्न संपवून झाल्यावर शेजारच्या पानातल्या लिंबाच्या फोडीकडे बोट दाखवून “टंचाई आहे हो!” म्हणायला एक विशिष्ट प्रकारचा निगरगट्टपणा लागतो. या शहरात माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास भरते. बाजारात मिळणारी साधी चटईसुद्धा त्यात पूर्ण उलगडत नाही. त्यातलीच चटई गुंडाळून टंचाई कशी मिटणार?

आता सिंगापूर. या शब्दाला मी कंटाळलो आहे. पूर्वी शांघाय होतं, मध्ये दुबई आलं, पण सिंगापूर कायम. ठीक आहे, बघूच सिंगापूर. तिथे एक बोटॅनिक गार्डन आहे. १८५९ मध्ये सुरू झालं, आपल्या बागेच्या तीन वर्षं आधी. सुरू कोणी केलं? तिथल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने. हो, तेच नाव. संस्थेला खर्च झेपेना म्हणून १८७४ मध्ये बाग सरकारच्या ताब्यात गेली. आपली १८७३ मध्ये. दोन बंदरं, दोन बागा, जवळजवळ एकच जन्मपत्रिका. पुढे काय झालं? सिंगापूरला जमिनीचा तुटवडा आपल्यापेक्षा कमी नाही. समुद्र बुजवून ते देश वाढवतात. तरी त्यांनी ती बाग वाढवली. रबराची लागवड आग्नेय आशियात पसरली ती त्या बागेतल्या प्रयोगांमधून. तिथे वनस्पतींचा संग्रह आहे, संशोधन आहे. ऑर्किडचा खास विभाग सोडला तर आत जायला पैसे पडत नाहीत. आणि प्राणिसंग्रहालय? ते त्यांनी १९७३ मध्ये शहराबाहेर मंडाईला केलं, बागेच्या उरावर नाही. २०१५ मध्ये युनेस्कोने त्या बागेला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तेव्हा ज्यांना सिंगापूर हवंय त्यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. करा सिंगापूर! झाडांना हात लावू नका, वनस्पतिशास्त्रज्ञ नेमा, तिकीट काढून टाका. ही मागणी घेऊन मोर्चा काढत असाल तर पहिल्या रांगेत मी. पण सिंगापूर म्हटल्यावर यांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो मॉल आणि काचेचा घुमट. २००७ च्या सुमारास असाच एक आराखडा आला होता, सुमारे ४३३ कोटींचा, बँकॉकच्या सल्लागारांकडून. आफ्रिका एकीकडे, ऑस्ट्रेलिया दुसरीकडे. जुन्या झाडांचं आणि जुन्या आखणीचं काय, ते नंतर बघू. काही नागरिक उभे राहिले. त्यात झाडं ओळखणाऱ्या बायका आघाडीवर होत्या. त्यांनी झाड न् झाड मोजलं, नावं लिहिली, अर्ज केले, सुनावण्यांना हेलपाटे घातले. वारसा समितीने आक्षेप घेतले आणि तो आराखडा मागे पडला. बागेची आजची यादी आपल्याला मिळाली ती बरीचशी त्या विरोधकांमुळे. आराखडा करणाऱ्यांनी ती यादी आधीच का केली नव्हती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही. मी आता विचारतो.

“झाडं तोडणार नाही हो, हलवणार.” हे वाक्य म्हणणाऱ्याचा चेहरा इतका निष्पाप असतो की त्याला दुखवायला जिवावर येतं. पण हलवणं म्हणजे काय याचा दाखला त्याच बागेत उभा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे ना, तो घारापुरीचा. १८६४ मध्ये साहेबाने तो इंग्लंडला न्यायचं ठरवलं. उचलताना क्रेन तुटली आणि हत्ती पडून फुटला. तुकडे इथे आणले. पन्नासेक वर्षांनी कोणी तरी बसून ते जोडले. दगडाचा हत्ती होता, म्हणून जोडला तरी गेला. झाडाचं तसं नसतं. जुन्या झाडाची मुळं त्याच्या घेरापेक्षाही लांब गेलेली असतात. यंत्र येतं, दोन-तीन मीटरचा मातीचा गोळा काढतं, बाकी सगळी मुळं तोडतं, वरच्या फांद्या छाटून खांब करतं आणि तो खांब दुसरीकडे पुरतं. सरकारी भाषेत याला पुनर्रोपण म्हणतात. आमच्या गावाकडे झाड उपटणं म्हणतात. मेट्रो-३ साठी हलवलेल्या आणि आरेत नेऊन लावलेल्या झाडांचं काय झालं ते मुंबईने पाहिलं आहे. निम्म्याहून अधिक मेली.

कायद्याचंही ऐका. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरलं, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची असं ठरलं. म्हणजे दीडशे वर्षांच्या झाडामागे दीडशे रोपं. छान! ती लावायची कुठे? शहरात जागा नाही म्हणूनच तर तुम्हाला बाग हवी होती ना? की ही रोपं लावायला आणखी एक बाग शोधायची, आणि पुढच्या पिढीने तीही पडून आहे म्हणायचं?

मग जमिनीखालची गोष्ट. ही सर्वांत लाडकी युक्ती आहे, कारण तिच्यात कोणाचंच काही जात नाही असं भासतं. खाली वाहनतळ, वर बाग. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. फक्त एवढं सांगा, खाली खणणार कुठून? वरची झाडं काढल्याशिवाय खड्डा पडतो अशी एखादी जादू आहे का? आणि खड्ड्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकून त्यावर मीटर-दीड मीटर माती पसरली की तिथे गोरखचिंच उगवत नाही. हिरवळ उगवते, कुंडीतले पाम उभे राहतात, आणि पाणी मुरायच्या ऐवजी गटाराकडे धावतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे शहर विसरलं असेल तर मोकळ्या मातीचा उपयोग त्याला कोणी समजवावा?

शिवाय ही युक्ती नवीही नाही. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्क आहे, स्वातंत्र्यचळवळीतल्या सभांसाठी ओळखला जाणारा. तिथल्या महापालिकेने अशाच भाषेत त्याच्या पोटात बाजार बांधायला दिला. वर बाग परत करणार होतेच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ मध्ये न्यायालयाने बांधकाम पाडून बाग पुन्हा होती तशी करा, असा आदेश दिला. पैसे खर्च झालेत, आता राहू द्या, हा युक्तिवाद चालला नाही. त्याआधी १९९१ मध्ये बंगळुरूच्या एका प्रकरणात, बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने सांगितलं होतं. तिथे तर समोर रुग्णालय होतं, गाड्या नव्हत्या. कर्नाटकाने कबन पार्क आणि लालबागसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा ठेवला आहे. आपल्याकडे राणीची बाग वारसा यादीत आहे, पण त्या यादीच्या जोरावर किती वेळ उभं राहायचं, हे दर वेळी पाच-सहा माणसांच्या चिकाटीवर ठरतं.

राहिलं उत्पन्न. बाग खर्च काढत नाही. अग्निशमन दल काढतं का? फूटपाथ काढतात? २०२५-२६ चा मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प चौऱ्याहत्तर हजार कोटींच्या पुढे आहे. देशातल्या काही राज्यांना हेवा वाटावा असा. त्या घरातली एक बाग ‘स्वतः कमावत नाही’ म्हणून टोमणे खाते, हे म्हातारीला घरातल्या भाकरीचा हिशेब विचारण्यासारखं झालं. आणि कमावण्याची चव आपण एकदा घेतली आहे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी, भायखळ्यात थंड केलेल्या खोलीत. काही महिन्यांत त्यातला एक दगावला. २०१७ मध्ये तिकीट पाच रुपयांवरून पन्नासवर गेलं. चौघांच्या कुटुंबाला शंभर. गर्दी झाली, गल्ला भरला, फोटो काढायला मुलं रांगेत उभी राहिली. मी त्या पक्ष्यांवर रागावत नाही, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पण पाच रुपयांत आत येऊन दुपार काढणारी जी बाई होती, तिची नोंद त्या गल्ल्याच्या वहीत कुठल्या रकान्यात झाली?

एक गोष्ट मान्य करतो, आणि एकच. जुने पिंजरे लाजिरवाणे होते. सिमेंटच्या ओट्यावर डोलत उभा असलेला हत्ती, गजांना नाक लावून बसलेलं माकड, हे बदलायलाच हवं होतं. स्वच्छतागृहांची अवस्था सांगण्यासारखी नव्हती. पण पिंजऱ्याचा दोष झाडाच्या डोक्यावर का? घरातला नळ गळतो म्हणून कोणी घर पाडत नाही. दुरुस्ती आणि पुनर्विकास या दोन शब्दांत जो फरक आहे तो मुंबईने मुद्दाम विसरायचं ठरवलं आहे, कारण दुरुस्तीत कोणाला काही मिळत नाही.

दुरुस्ती कशी असते हेही त्याच कुंपणात दिसतं. १८७२ चं संग्रहालय धूळ खात, गळत, काळं पडून होतं. २००३ ते २००८ या काळात ते नीट केलं. मजला चढवला नाही, तळघर खणलं नाही. जुनी नक्षी, जुने रंग, जुनी कपाटं साफ करून परत जागच्या जागी. युनेस्कोने २००५ मध्ये त्या कामाला पहिल्या प्रतीचा पुरस्कार दिला. महापालिकेच्याच मालमत्तेत हे झालं, म्हणजे जमत नाही असं नाही.

आता ‘मूठभर उच्चभ्रू’. हा आरोप मला फार आवडतो, कारण तो करणाऱ्याच्या खिशात बहुधा एखाद्या जिमखान्याचं कार्ड असतं. या शहरात ज्यांना हिरवळ विकत घेता येते त्यांच्यासाठी हिरवळ आहे. क्लबांची आहे, सोसायटीच्या पोडियमवर आहे, गोल्फ कोर्सवर आहे. राणीची बाग गेली तर त्यांचं काय जातं? खिडकीतला रंग बदलेल. जाईल ते मदनपुऱ्यातल्या, काळाचौकीतल्या, बीडीडी चाळींतून नुकत्याच पंधरा-वीस मजल्यांवर चढलेल्या माणसांचं. चाळीला निदान गॅलरी होती; टॉवरमध्ये गेल्यावर दाराबाहेर फक्त लिफ्ट उरते. गरिबाचं नाव घेऊन गरिबाची बाग काढून घ्यायची, आणि जो आडवा येईल त्याला श्रीमंत म्हणायचं, ही चलाखी दाद देण्यासारखी आहे. पण फसण्यासारखी नाही.

शेवटी साहेबाची राणी. बागेच्या संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष जगन्नाथ शंकरशेट होते. शेजारच्या संग्रहालयाला डॉ. भाऊ दाजींचं नाव आहे ते उगाच नाही. ही मुंबई उभी करणाऱ्यांपैकी हे दोघे. त्यांना गुलाम म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने आधी शाळेतलं पुस्तक पुन्हा उघडावं. बागेला वीरमाता जिजाबाई भोसल्यांचं नाव देऊन वर्षं लोटली. लोक अजून राणीची बागच म्हणतात, पण त्यांच्या तोंडातली राणी व्हिक्टोरिया राहिलेली नाही. ती कोण आहे हे त्यांनाही माहीत नाही, आणि त्यांचं काही अडत नाही. साहेबाचा सूड घ्यायचा असेल तर बागेतला काळा घोडा बघून या. सातवा एडवर्ड त्याच्यावर बसलेला आहे. १९६५ मध्ये फोर्टातून त्याला उचलून इथे आणलं. मूळ जागेवर मग काय झालं? गाड्या लावायला जागा झाली. साम्राज्याला हरवून आपण पार्किंग मिळवलं! आता त्याच घोड्याच्या मागे इथेही तेच आणायचं?

वास्तुशांतीच्या यजमानांचा प्रश्न मात्र उत्तराशिवाय सोडत नाही, कारण तो त्यांनी खरंच विचारला होता: एवढ्या जागेचं करायचं काय? तर हे करा. ही बाग आधी वनस्पती उद्यान आहे असं कायद्यात लिहा, कबन पार्कचं लिहिलंय तसं, म्हणजे दर पाच वर्षांनी अर्ज घेऊन धावायला नको. तिच्या पन्नासेक एकरांतला एकही गुंठा, जमिनीवरचा किंवा जमिनीखालचा, दुसऱ्या कशासाठी देऊ नका. प्राण्यांना जागा हवी असेल तर बागेच्या कुंपणाबाहेर शोधा. एक वनस्पतिशास्त्रज्ञ नेमा आणि त्याला फायली सांभाळायला लावू नका. झाडांच्या बुंध्याशी भरलेलं सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक फोडून आळी मोकळी करा. ज्या झाडांच्या पाट्या गळून पडल्या आहेत त्यांच्या पाट्या मराठीत लावा, नाव चुकवू नका. उर्वशीचं बी धरा, रोपं करा, महापालिकेच्या शाळांत द्या. माळ्यांची रिकामी पदं भरा. नळ दुरुस्त करा. तिकीट पुन्हा पाच रुपये करा.

या सगळ्याची निविदा फार लहान निघेल, मला कल्पना आहे. तिच्या उद्घाटनाला कोणी मोठा माणूस येणार नाही, चित्रं छापून येणार नाहीत, फुगेही नसतील. न येवोत. बाग बुधवारी बंद असते. गुरुवारी सकाळी ती उघडेल तेव्हा नागपाड्याचे म्हातारे फाटकाशी उभे असतातच.